पेटी एक, दारं पाच

दोस्तांनो, गेल्या अंकात मी तुम्हांला एक कोडं घातलं होतं. आठवतंय ना?

चोवीस भोकं, चोवीस दिवे,
डोळे मिचकावी, पण बोलेना.
साऱ्यांचे निरोप साऱ्यांना देई,
स्वतः मात्र कुठेच जाईना!

तुमच्या पत्रांनी माझं टेबल भरून गेलं. कुणी 'पोस्ट ऑफिस' लिहिलंय, कुणी 'एस.टी. स्टँड'. पाचवीतल्या एका पठ्ठ्यानं तर 'आमची आजी' असं लिहिलंय! (अरे, आजीला चोवीस दिवे कुठले?) बरोबर उत्तर देणारे अगदी थोडे निघाले. उत्तर आहे नेटवर्क स्विच.

स्विच म्हटलं की तुम्हांला भिंतीवरचं पंख्याचं बटण आठवणार. तो हा नव्हे. हा स्विच म्हणजे अनेक कॉम्प्युटरांना एकमेकांशी जोडणारी पेटी. आज या पेटीशी बोलायचं कसं, ते मी सांगणार आहे. आणि ते सांगताना माझी एक फजितीही सांगणार आहे. बाईंची फजिती वाचायला तुम्हांला भारी आवडतं, हे काय मला ठाऊक नाही?

निरोप्या पेटी

आमची शाळा जिल्हा परिषदेची, मराठवाड्यातल्या एका लहान गावातली. शाळेच्या एका खोलीत मुलांसाठी पाच कॉम्प्युटर आहेत. कोपऱ्यात सहावा आहे, त्यात शाळेचं दप्तर असतं. दप्तर म्हणजे तुमच्या पाठीवरचं नव्हे हं! हजेरी, निकाल, दाखले, असलं सगळं. इंटरनेटची वायर हेडमास्तरांच्या ऑफिसातल्या राउटरपासून येते, ती एकच. आमच्या राउटरला वाय-फाय नाही, जे काही ते वायरीनंच. मग एका वायरीवर सहा कॉम्प्युटर चालायचे कसे? त्यासाठी स्विच. एका कंपनीनं आपलं ऑफिस बदललं, तेव्हा तिथला जुना स्विच आम्हांला भेट दिला. तो आम्ही भिंतीवर फळी ठोकून बसवला.

आता ही पेटी करते काय? गावात नवा पोस्टमन आला असं समजा. त्याला कुणाचं घर माहीत नाही. पण तो हुशार आहे. पत्रपेटीतून पत्र काढताना, ते कोणत्या गल्लीतून आलं आणि पाठवणाऱ्याचं नाव काय, हे तो वहीत टिपून ठेवतो. आठ दिवसांत गाव पाठ!

स्विच अगदी हेच करतो, फक्त आठ दिवसांऐवजी डोळ्याचं पातं लवायच्या आत. नेटवर्कला जोडायच्या प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक बारा अक्षरी नंबर दिलेला असतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. तीन नंबरच्या भोकातून निरोप आला, की स्विच पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता टिपून ठेवतो. पुढं त्याच्या नावाचा निरोप आला, की थेट तीन नंबरकडे! ज्याचा पत्ता अजून टिपलेला नाही, त्याच्यासाठीचा निरोप मात्र तो बाकी सगळ्या भोकांवर पाठवतो. ज्याचा असेल तो उत्तर देतो, आणि मग त्याचीही नोंद होते. बराच वेळ, बहुतेक स्विचांत ५ मिनिटं, एखादं यंत्र गप्प बसलं, तर त्याचं नाव खोडलं जातं.

या पेट्या यायच्या आधी 'हब' नावाची पेटी असायची. ती वेंधळी. एकाचा निरोप आला की तो सगळ्यांना ओरडून सांगायची. वर्गात सगळे एकदम बोलायला लागले की कसा गोंधळ होतो? हबवर जास्त कॉम्प्युटर जोडले की तसंच व्हायचं.

आणि एक गंमत सांगू? १९९० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामधल्या एका लहानशा कंपनीनं इथरनेटसाठीचा पहिला अनेक भोकांचा स्विच बाजारात आणला. त्याला भोकं होती सात. त्या कंपनीचं नाव होतं 'कल्पना'! भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर या दोघांनी ती काढली होती, आणि भारद्वाजांच्या पत्नीचं नाव तिला दिलं होतं. १९९४ साली सिस्को या मोठ्या कंपनीनं 'कल्पना' विकत घेतली. तुमच्या वर्गात कुणी कल्पना असेल, तर तिला हे जरूर सांगा. दोन दिवस ती नाक वर करून चालेल!

तोंड नसलेल्याशी बोलायचं कसं?

स्विच दोन जातींचे असतात. एक साधा. वायरी खुपसा, वीज द्या, काम सुरू. त्याला काही सांगताही येत नाही आणि विचारताही येत नाही. दुसरा असतो सांगितलेलं ऐकणारा. त्याला सांगता येतं, 'सात नंबरचं भोक बंद ठेव.' त्याला विचारता येतं, 'कोणत्या वायरीत गडबड आहे?' त्याला पोटातल्या पोटात अदृश्य भिंतीसुद्धा घालायला सांगता येतात, म्हणजे भिंतीच्या अल्याडचे कॉम्प्युटर पल्याडच्यांशी बोलू शकत नाहीत. या भिंतींनी जे भाग पडतात, त्यांना 'व्हीलॅन' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. माझ्या फजितीतला खलनायक तोच आहे.

आता तुम्ही म्हणाल, 'बाई, त्या पेटीला ना पडदा, ना कीबोर्ड, ना माउस. सांगायचं कुठून?'

शाब्बास! प्रश्न बरोबर आहे. सांगायला दारं आहेत. एक नाही, पाच. प्रत्येक स्विचला पाचही असतील असं नाही, पण आमच्या स्विचला होती.

पहिलं दार ब्राउझरचं. सांगितलेलं ऐकणाऱ्या स्विचला नेटवर्कवर स्वतःचा एक पत्ता देता येतो, म्हणजे १९२.१६८.१.१० असा काहीतरी. नेहमीच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला, नाव आणि पासवर्ड दिला, की स्विचचं पान उघडतं. आमच्या पानावर तर चोवीस भोकांचं चित्रच येतं. मुलांना मी ते दाखवलं, तेव्हा एकानं हळूच एक वायर उपटली. चित्रातला हिरवा दिवा गेला! मग काय, प्रत्येकाला वायर उपटायची होती. हे दार सगळ्यांत सोपं. नवशिक्यानं इथूनच आत जावं.

दुसरं दार टेलनेटचं. हे फार जुनं, १९६९ सालापासूनचं. इथं चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर आपण एक ओळ लिहायची, स्विचनं उत्तराची ओळ द्यायची. दूरच्या गावाहून गप्पा माराव्यात तसं. पण यात मोठी खोट आहे. टेलनेटवर लिहिलेलं सगळं पोस्टकार्डासारखं उघडं जातं, अगदी पासवर्डसुद्धा. वाटेत जो डोकावेल तो वाचेल.

तिसरं दार एसएसएचचं. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर असंच कुणीतरी लपून पासवर्ड वाचत होतं. तेव्हा तातू युलोनेन या तिथल्याच संशोधकानं १९९५ साली हे दार तयार केलं. लिहायचं टेलनेटसारखंच, पण सगळं बंद लिफाफ्यातून जातं. वाटेत कुणी उघडलं तरी त्याला नुसती अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून जाणकार लोक टेलनेटला कडी घालतात आणि एसएसएच वापरतात. ब्राउझरच्या दारातही असे दोन प्रकार असतात. पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपी' असलं तर पोस्टकार्ड, 'एचटीटीपीएस' असलं तर लिफाफा. शेवटच्या त्या 'एस'कडे लक्ष ठेवा.

चौथं दार एसएनएमपीचं. नाव अवघड, काम सोपं. शाळेत आरोग्य तपासणीला ताई येतात, वजन करतात, उंची मोजतात आणि वहीत लिहितात, हो ना? मोठ्या कंपनीत किंवा कॉलेजात शेकडो स्विच असतात. प्रत्येकाचं पान उघडून कोण बघणार? म्हणून एक कॉम्प्युटर ठरावीक वेळानं सगळ्या स्विचांना विचारत जातो, 'बाबा रे, बरा आहेस ना? किती निरोप गेले? किती चुकले?' ही पद्धत १९८८ सालची. एखाद्या स्विचला फारच त्रास झाला, तर तो न विचारताही ओरडतो, 'माझी एक वायर तुटली हो!'

दारांना नंबरही असतात, बरं का. ब्राउझरचं ८० किंवा ४४३, टेलनेटचं २३, एसएसएचचं २२ आणि एसएनएमपीचं १६१. जगात कुठेही जा, सहसा हेच नंबर.

आता जरा थांबा आणि डोकं खाजवा. या चारही दारांत एक गोष्ट सारखी आहे. कोणती?

चारही दारांपर्यंत जायचं, तर नेटवर्कच्या वायरीवरूनच जायचं! वाटच मोडली, तर चारही दारं असून नसल्यासारखी. आणि ती वाट मी माझ्या हातानं मोडली.

बाईंची फजिती

आमच्या गावातली बरीच मंडळी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. कुणी सांगलीकडे, कुणी कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. उन्हाळा लागेपर्यंत परत येत नाहीत. मुलं इथं आजीकडे राहतात, म्हणजे शाळा बुडत नाही. त्या वर्षी अशी अकरा मुलं माझ्याकडे होती. आईबापांना भेटायचं ते फोनवर. पण शाळेत आणि गावात फोनला रेंज नाही. टेकडीवर चढलं तर कुठं दोन काड्या दिसतात, आणि तिथून चेहरा दिसेल एवढं काही जमत नाही.

म्हणून आम्ही ठरवलं, रविवारी संध्याकाळी शाळेतल्या कॉम्प्युटरांवरून सगळ्यांना एकदम भेटवायचं. वेळ ठरली सात ते साडेसात. ऊसतोडीची माणसं पहाटे अंधारात फडात जातात. रात्री भाकरी खाऊन लवकर पाठ टेकतात. त्यांना अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ मागणं बरं दिसेना.

आदल्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. मुलं घरी गेल्यावर माझ्या मनात आलं, उद्या संध्याकाळी एवढी गर्दी होणार, शाळेचं दप्तर असलेल्या सहाव्या कॉम्प्युटरला मध्ये भिंत घालून वेगळं ठेवावं. विचार चांगला होता. ब्राउझरच्या दारानं मी आत गेले. १ ते ८ भोकं दप्तराच्या भागात टाकली, ९ ते २४ मुलांच्या भागात. झकास! लगेच 'सेव्ह'चं बटणही दाबून टाकलं.

आणि पान गोठलं.

मी पुन्हा पत्ता टाकला. काही नाही. इंटरनेट बघितलं. तेही नाही. पाचही कॉम्प्युटर ठप्प. काय झालं होतं ठाऊक आहे? ऑफिसातून येणारी इंटरनेटची वायर होती १ नंबरच्या भोकात. ती गेली दप्तराच्या भागात आणि मुलांचे कॉम्प्युटर राहिले भिंतीपलीकडे. त्याहून वाईट म्हणजे, स्विच स्वतः बसला होता त्याच्या मूळच्या भागात, भाग एकमध्ये. त्या भागात मी एकही भोक शिल्लक ठेवलं नव्हतं. त्याच्याशी बोलायला जाणार कुठून? ब्राउझर, टेलनेट, एसएसएच, एकूण एक दारं तिथंच होती आणि त्यांच्याकडे जाणारी पायवाट मी नांगरून टाकली होती.

वीज बंद करून पुन्हा सुरू केली. उपयोग नाही. मी 'सेव्ह' केलं होतं ना! स्विचला माझी चूक नीट पाठ झाली होती.

तुमच्यातला एखादा हुशार म्हणेल, 'बाई, ती ऑफिसची वायर स्विचमधून काढा आणि सरळ कॉम्प्युटरला लावा.' बरोबर आहे. तसं केलं असतं तर चाललं असतं, पण एकच कॉम्प्युटर. आता गणित करा. ३० मिनिटं, अकरा मुलं, एक कॉम्प्युटर. एकेकाच्या वाट्याला पावणेतीन मिनिटंही येत नाहीत. पाच कॉम्प्युटर असले तर तेरा मिनिटांच्या वर येतात. तीन महिन्यांनी आई दिसणार, आणि तीही पावणेतीन मिनिटं? छे!

मी टेकडीवर गेले आणि माझ्या धाकट्या भावाला फोन लावला. तो पुण्यात हेच काम करतो. सगळं ऐकून आधी तो पोट धरून हसला. 'ताई, बसलेली फांदीच तोडलीस की!' मग म्हणाला, 'घाबरू नकोस. मागचं दार बघ. कन्सोल.'

पाचवं दार

हे पाचवं दार नेटवर्कवरून जातच नाही! स्विचवर एक वेगळं भोक असतं, त्यावर 'कन्सोल' असं लिहिलेलं असतं. त्यातून एक खास वायर काढून ती थेट आपल्या कॉम्प्युटरला लावायची. पेटीजवळ उभं राहून, कानात बोलल्यासारखं बोलायचं. इंटरनेट नसलं, भिंती चुकल्या, स्विचला पत्ताच दिलेला नसला, तरी हे दार चालतं. अगदी नव्या कोऱ्या स्विचला पहिला पत्ता द्यायचा, तर पुष्कळदा याच दारानं जावं लागतं.

'निळी, चपटी वायर आली असेल बघ पेटीबरोबर,' भाऊ म्हणाला. माझ्या पोटात गोळा आला. ती वायर आली होती खरी. पण 'ही कुठंच बसत नाही' म्हणून २६ जानेवारीला आम्ही तिच्यानं झेंड्याचा बांबू खांबाला बांधला होता!

पळत येऊन बांबू सोडवला. वायर शाबूत होती. पण तिच्या दुसऱ्या टोकाला नऊ भोकांचा जुन्या पद्धतीचा जोड, आणि माझ्या लॅपटॉपला तसली जागाच नाही. हल्लीच्या लॅपटॉपना नसतेच. मधे एक यूएसबीचा जोड लागतो. रविवार म्हणजे तालुक्याचा बाजार, तेव्हा दुकानं उघडी. सकाळच्या एस.टी.नं जाऊन कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून तो जोड उसना आणला.

दुपारी टेबलावर स्टूल, स्टुलावर मी. वायर लावली. पडद्यावर आली नुसती वेडीवाकडी चिन्हं. शाळेत रेंज नाही, भावाला विचारू कसं? मग सातवीतल्या एका मुलाच्या हातात माझा फोन आणि चिठ्ठी दिली आणि त्याला टेकडीवर पिटाळलं. धापा टाकत तो परत आला. 'बाई, मामा म्हणाले, दोघांचा बोलायचा वेग जुळत नाही. ९६०० ठेवा. आणि आठ, नाही, एक असं कायतरी म्हणाले!'

ते 'कायतरी' म्हणजे असं. कन्सोलवर दोघांनी एकाच वेगानं आणि एकाच पद्धतीनं बोलावं लागतं. पुष्कळ स्विचांचा वेग सेकंदाला ९६०० बिट असतो. एका अक्षराला आठ बिट, तपासणीचा वेगळा बिट नाही आणि शेवटी थांब्याचा एक बिट. एक जण भरभर बोलला आणि दुसरा हळू ऐकू लागला, तर खिचडीच होणार!

वेग बदलला. एंटर दाबलं. आणि पडद्यावर सुबक अक्षरांत स्विचनं पासवर्ड मागितला. दोस्तांनो, बोर्डाचा निकाल लागला तेव्हासुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता! पासवर्ड दिला. भिंती काढल्या, चोवीसही भोकं पुन्हा एका भागात आणली. या वेळी मात्र 'सेव्ह'ला हात लावला नाही. आधी पाचही कॉम्प्युटरांवर इंटरनेट सुरू झालं का ते बघितलं, मग सेव्ह केलं. आमच्या स्विचमध्ये, आणि इतर पुष्कळ स्विचांत, सेव्ह न केलेला बदल वीज गेली की पुसला जातो. शनिवारी मी तेवढा धीर धरला असता, तर वीज बंद-चालू करून काम भागलं असतं.

भाऊ नंतर म्हणाला, 'आम्हीसुद्धा दूरच्या गावच्या स्विचमध्ये बदल करताना घाबरतो. काही स्विचना आधीच सांगून ठेवता येतं, दहा मिनिटांनी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू हो. चुकलो तर तो जुन्या जागी येतो. नाही चुकलो तर तो हुकूम रद्द करायचा.' विहिरीत उतरण्यापूर्वी कमरेला दोर बांधतात, तसलंच हे.

संध्याकाळी सात वाजता फळीवर हिरवे दिवे लुकलुकत होते. पाच पडद्यांवर पाच चेहरे. कुणामागे खोपटं, कुणामागे बैलगाडी. दुसरीतली एक चिमुरडी आईला बघून काही बोलेचना. मी म्हटलं, 'अगं, बोल की.' तिनं नुसतं तोंड उघडून आईला पडलेला दात दाखवला. तिकडे आई हसली आणि पदरानं डोळे पुसत राहिली. त्या दोघींना त्या दिवशी तेरा मिनिटं मिळाली.

दाराला कुलूप हवंच

दारं झाली, आता कुलपांचं बोलू. पुष्कळ जुने स्विच आणि राउटर कारखान्यातून एकाच ठरलेल्या नावापासवर्डानं येतात, 'ॲडमिन', 'ॲडमिन' असं. म्हणजे गावातल्या सगळ्या घरांना एकच किल्ली! २०१६ साली 'मिराई' नावाचा एक घातक प्रोग्रॅम जगभर फिरला. तो इंटरनेटवरच्या कॅमेऱ्यांची आणि राउटरांची टेलनेटची दारं ठोठवायचा आणि असे साठ-एक ठरलेले नावपासवर्ड लावून बघायचा. लोकांनी ते बदललेच नव्हते, त्यामुळे लाखो यंत्रं त्याच्या ताब्यात गेली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी असल्या यंत्रांचा वापर करून झालेल्या हल्ल्यामुळे अनेक मोठ्या वेबसाइट काही तास उघडेनाशा झाल्या. पुढं २०१७ साली अमेरिकेतल्या तीन तरुणांनी मिराई तयार केल्याचं कोर्टात कबूल केलं.

म्हणून पहिला नियम, नव्या पेटीचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा आणि तो घरातल्या किंवा शाळेतल्या जबाबदार माणसानं लिहून जपून ठेवायचा. दुसरा नियम, न लागणारी दारं बंद. टेलनेट तर बंदच. तिसरा नियम, पेटी कुणाच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही. कारण कन्सोलजवळ पोचलेला माणूस बऱ्याच स्विचांचा पासवर्डही पुसून टाकू शकतो. आमची फळी आता कुलपाच्या कपाटात गेलीय. किल्ली हेडमास्तरांकडे आहे, आणि निळी वायर त्याच कपाटात खिळ्याला टांगलीय. झेंड्याला आता सुतळी!

आणि मोठ्या मुलांनो, तुमच्यासाठी एक गोष्ट स्पष्टच सांगते. दुसऱ्याच्या पेटीचं दार 'उघडतंय का बघू' म्हणून ठोठवायचं नाही. परवानगीशिवाय आत शिरणं हे आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या विरुद्ध आहे. शेजाऱ्याच्या दाराला कुलूप नाही, म्हणून तुम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात जाता का?

करून पाहा

घरी किंवा ओळखीच्यांकडे इंटरनेटचा राउटर असेल, तर आईबाबांना घेऊन बसा. बहुतेक घरच्या राउटरांना ब्राउझरचं दार असतंच. पेटीच्या पाठीमागच्या किंवा बुडाच्या चिठ्ठीवर तिचा पत्ता असतो. बऱ्याचदा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. आईबाबांनी पासवर्ड टाकावा, तुम्ही फक्त बघा. किती यंत्रं जोडलेली आहेत? सगळी तुमच्या ओळखीची आहेत का? काहीही बदलू नका. आणि 'सेव्ह'? त्याच्याकडे तर बघूसुद्धा नका!

पालकहो, एवढं कराल?

चिठ्ठीवरचा पासवर्ड अजून तोच असेल, तर आजच बदला. बाहेरून, म्हणजे इंटरनेटवरून राउटरमध्ये शिरायची सोय चालू असेल आणि ती लागत नसेल, तर बंद करा. मूल 'हे काय आहे?' असं विचारत असेल, तर 'हात लावू नको' एवढ्यावर थांबू नका. शेजारी बसवून दाखवा. आमच्या शाळेत वायर उपटणारा जो मुलगा होता ना, तोच आज कुठली वायर सैल आहे हे मला सांगतो.

या अंकाचं कोडं

एका हबला आठ कॉम्प्युटर जोडलेत. एकानं दुसऱ्याला निरोप पाठवला. तो किती वायरींवरून बाहेर पडेल? हबच्या जागी स्विच असेल आणि स्विचला सगळ्यांचे पत्ते पाठ असतील, तर किती? आणि नुकताच सुरू झालेला, कोरा स्विच असेल तर? तिन्ही उत्तरं कारणांसकट लिहून पाठवा. 'आमची आजी' हे उत्तर या वेळी चालणार नाही!

पुढच्या अंकात भेटू.

तुमच्या,
कॉम्प्युटरच्या बाई